गाडीत झोपायचं तर आग भिंतीपलीकडे ठेवा : छोट्या कॅम्परव्हॅनसाठी हीटर निवडताना

पुण्यात मारुतीच्या इकोची किंवा फोर्सच्या ट्रॅव्हलरची कॅम्परव्हॅन करून घेणारे आधी गादीचा विचार करतात, मग पंख्याचा, मग फ्रीजचा. हीटरचं नाव निघतं ते लडाख नाहीतर स्पितीचा बेत ठरल्यावर. तोवर निघायला जेमतेम महिना उरलेला असतो आणि ग्रुपवर प्रत्येक जण वेगळं सांगत असतो. कुणी म्हणतं पाच किलोवॅटचा घ्या, कुणी म्हणतं आठचा, कुणी म्हणतं एवढा खर्च कशाला, शेगडी पेटवा आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा. यातला शेवटचा सल्ला जीवघेणा आहे. आधीचे दोन जीवघेणे नाहीत, पण गाडी केवढी, झोपणार कुठे आणि गाडीतली ऊब बाहेर किती वेगाने पळते, हे न विचारताच दिलेले आहेत.

महाराष्ट्रातच फिरणार असाल तर माझं स्पष्ट मत : हीटर घेऊ नका. पुण्याच्या तापमानाची नोंदलेली नीचांकी पातळी १.७ अंश आहे आणि ती १७ जानेवारी १९३५ची. एरवी डिसेंबर-जानेवारीत पहाटे आठ ते बारा अंश, म्हणजे कानटोपी, स्वेटर आणि ‘यंदा जरा जास्तच आहे नाही?’ एवढीच थंडी. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी एखाद्या पहाटे दव गोठतं आणि त्याचे फोटो पेपरात येतात, पण गाडीच्या आत दोन माणसं झोपलेली असताना ती थंडी रजईच्या आवाक्यातली असते. झोपलेला माणूस साधारण सत्तर-ऐंशी वॅट उष्णता देत असतो. दोघांचे दीडशे वॅट फुकटात मिळतात. त्यात रबरी पिशवीत दोन लिटर गरम पाणी भरून पायाशी घेतलं, तर ते साठ अंशांवरून पस्तीसपर्यंत निवताना आणखी साठेक वॅट-तास देतं. पन्नास-साठ वॅटची बारा व्होल्टची इलेक्ट्रिक चादर तासभर चालली तर तेवढंच देते. एवढ्यावर राजमाचीपासून भंडारदऱ्यापर्यंतच्या सगळ्या रात्री निघतात.

हिमालयात मात्र हे गणित पार बदलतं, आणि ते कागदावर मांडून बघणं अजिबात अवघड नाही.

किती ऊब लागते?

इकोचा मागचा भाग एक खोका समजा. आतून साधारण २.६ मीटर लांब, १.४ रुंद, सव्वा मीटर उंच. सहाही बाजू मिळून पृष्ठभाग होतो सुमारे १७ चौरस मीटर. बाहेर उणे पाच, आत अठरा अंश हवेत, म्हणजे फरक २३ अंशांचा. आता भिंतीतून किती ऊब निसटते ते बघायचं. नुसत्या पत्र्यातून प्रत्येक चौरस मीटरला, प्रत्येक अंशाच्या फरकाला, जवळपास सहा वॅट जातात. १७ गुणिले ६ गुणिले २३ : सुमारे २,३५० वॅट. गाडी जशी कंपनीतून आली तशीच असेल तर सव्वादोन किलोवॅटचा हीटर रात्रभर पूर्ण ताकदीने चालवून तुम्ही फक्त बाहेरचं आकाश तापवत राहणार.

त्याच पत्र्याला आतून २० मिलिमीटरची बंद पेशींची, म्हणजे आत हवेचे बंद बुडबुडे असलेली, नायट्राइल रबर शीट चिकटवली, की जिथे ती नीट बसली आहे तिथे हा सहाचा आकडा दीडच्या आसपास येतो. सगळीकडे ती नीट बसत नाही. पत्र्याच्या कडा, दारांचे खांब आणि मुख्य म्हणजे काचा उरतातच. म्हणून अख्ख्या गाडीची सरासरी अडीच धरू. १७ गुणिले २.५ गुणिले २३ म्हणजे जेमतेम एक किलोवॅट. ताज्या हवेसाठी झरोका उघडा ठेवायचाच आहे, त्यातून शे-सव्वाशे वॅट जातील. एकूण अकराशे. दोघांच्या अंगाची ऊब वजा केली तर त्याहूनही कमी.

म्हणजे दोन किलोवॅटचा हीटर इकोला पुरून उरतो. ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या गाडीला पृष्ठभाग दुपटीहून जास्त असतो, तिथे इन्सुलेशन केल्यावरही दोन-अडीच किलोवॅट लागतात. आठ किलोवॅट यातल्या कुणालाच लागत नाहीत. तरी भोसरीतला एखादा फॅब्रिकेटर सांगतोच, “साहेब, मोठाच घ्या, किमतीत फरक किती, हजार-दीड हजार.” किमतीतला फरक खरंच तेवढाच असतो. मोठा हीटर छोट्या गाडीत कसा त्रास देतो ते पुढे येईल.

तर पहिला खर्च इन्सुलेशनवर. काचवाला कापूस, म्हणजे ग्लासवूल, स्वस्त पडतो, पण गाडीत तो पाणी पितो आणि एकदा ओला झाला की पत्र्याला गंज लावत बसतो. थर्माकोल रस्त्याच्या हादऱ्यांनी करकरतो आणि आगीपाशी अजिबात भरवशाचा नाही. नायट्राइल रबर महाग, पण वाकवावी तशी वाकते आणि पत्र्याला घट्ट चिकटून बसते, त्यामुळे मागे ओल साचायला जागा उरत नाही. काचांसाठी चमकदार फुगेवाल्या शीटचे मापात कापलेले पडदे करून घ्या. रात्री लावायचे, सकाळी घडी घालून गादीखाली. तळाला विसरू नका. टपावर इंच-इंच लढवतात आणि जमिनीवर नुसतं मॅट टाकतात, मग रात्री पाठीला थंडी वाजते ती खालून.

ओल हा वेगळाच शत्रू. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि घामातून अर्धा लिटरहून जास्त पाणी हवेत सोडतात. ते सगळ्यात थंड जागा शोधतं आणि तिथे जमतं, म्हणजे काचेवर आणि उघड्या पत्र्यावर. सकाळी पांघरुणाची कड ओली लागते ती त्यामुळे. म्हणून झरोका बंद करायचा नाही, हीटर कुठलाही असो. खाली एक, वर एक, दोन्ही लहान. शंभर वॅटची ऊब गेली तरी चालेल.

आग कुठे जळते आणि धूर कुठे जातो

हीटर कुठल्या इंधनावर चालतो हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न हा, की जळण्यासाठी लागणारी हवा तो कुठून घेतो आणि जळलेला वायू कुठे सोडतो.

जुन्या वाड्यात न्हाणीघरात तांब्याचा बंब असायचा तो आठवा. मधल्या नळीत लाकूड-गोवऱ्या जळतात, भोवती पाणी, धूर वरच्या तोंडातून जातो. आग आणि पाणी कधीच एकत्र येत नाहीत, मध्ये तांब्याचा पत्रा असतो. चांगला गाडीचा हीटर हेच करतो, फक्त पाण्याच्या जागी हवा. आत एक बंद नळकांडं, त्यात ज्योत, त्या ज्योतीला लागणारी हवा गाडीखालून एका नळीने येते आणि धूर दुसऱ्या नळीने गाडीखालीच जातो. गाडीतली हवा त्या नळकांड्याच्या बाहेरून, पंख्याने ढकललेली, तापून परत गाडीत येते. दोन हवा कधी भेटत नाहीत.

शेगडी, कोळशाची अंगीठी, तंबूत वापरतात ते उघडे गॅस हीटर, बिनज्योतीने जळणारे कॅटॅलिटिक हीटर, हे सगळे याच्या उलट. ते तुमचीच हवा जाळतात आणि जळलेलं तुमच्याच नाकात सोडतात. ऑक्सिजन कमी होत गेला की जळणं अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही, डोळे चुरचुरत नाहीत. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं गेल्याच्या बातम्या आपल्याकडे दर हिवाळ्यात येतात, त्यामागे हाच वायू. जानेवारी २०२० मध्ये नेपाळच्या दामन इथे केरळचे आठ पर्यटक, त्यात मुलंही होती, हॉटेलच्या खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठले नाहीत. ती हॉटेलची खोली होती. इकोच्या आतली हवा चार-पाच घनमीटर, म्हणजे त्या खोलीच्या एका कोपऱ्याएवढी.

उंचीवर याला आणखी एक भयंकर वळण आहे. कार्बन मोनॉक्साइडची सुरुवातीची लक्षणं म्हणजे डोकेदुखी, मळमळ, थकवा, गुंगी. मनाली-लेह रस्त्यावर सरचूला किंवा पांगला पोचल्यावर पहिल्या रात्री हेच सगळं विरळ हवेनेही होतं. माणूस म्हणतो, ‘उंची लागली, झोपलो की बरं वाटेल,’ आणि झोपतो. दोन्हींतला फरक माणसाला स्वतःहून कळणं जवळजवळ अशक्य. म्हणून हा वायू ओळखून वाजणारा गजर हवाच, कुठलाही हीटर असला तरी. ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक लिहिलेला, बॅटरीवर चालणारा घ्या. त्या मानकाप्रमाणे हवेत दहा लाखांत ५० भाग वायू असेल तर तो तास-दीड तासात वाजतो, १०० असेल तर दहा ते चाळीस मिनिटांत, ३०० असेल तर तीन मिनिटांच्या आत. झोपताना डोकं असतं त्या उंचीवर तो लावावा. त्याचा सेन्सर कायमचा नसतो, काही वर्षांनी मरतो, मागच्या बाजूला बदलायची तारीख छापलेली असते ती वाचा.

इंजिन रात्रभर चालू ठेवून गाडीचा स्वतःचा हीटर वापरणं, हाही अनेकांचा उपाय. दिवसा गाडी चालवताना तो बेलाशक वापरा. इंजिनची वाया जाणारी ऊब आहे, मुक्कामाला पोचण्याआधी अर्धा तास मागचा भाग तापवून घेतला तर निम्मं काम झालं. पण उभ्या गाडीत, बर्फ पडत असताना, सायलेन्सरचं तोंड बुजलं की धूर खालून आतच शिरतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीच्या रस्त्यावर बर्फात अडकलेल्या गाड्यांमध्ये वीसहून अधिक माणसं दगावली, त्यातल्या काहींच्या मृत्यूचं कारण हेच असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं.

मग पर्याय काय उरतात?

वीज सगळ्यात स्वच्छ, पण बॅटरीवर नाही. घरच्या इन्व्हर्टरची दीडशे अँपिअर-तासांची ट्यूब्युलर बॅटरी कागदावर १.८ किलोवॅट-तास देते, आणि ती टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. हजार वॅटचा ब्लोअर तासभर चालला की खलास. लिथियमची शंभर अँपिअर-तासांची घेतली तरी सव्वा तास. छतावरच्या सोलर पॅनलवर खोली तापवायची स्वप्नं बघू नका. हिवाळ्यात दिवस लहान आणि मागणी रात्रीची. मात्र होमस्टेच्या अंगणात गाडी लावून त्यांच्याकडून वायर घेणार असाल, तर पाचशे-सातशे वॅटचा छोटा तेल भरलेला रेडिएटर उत्तम. त्यांच्या वायरिंगला झेपतो का ते आधी विचारा. डोंगरातल्या वस्तीत दोन हजार वॅट लावले की अख्ख्या घराचा फ्यूज उडतो.

लाकडाची बुखारी, म्हणजे धुराड्याची शेगडी, फोटोत फार छान दिसते. छोट्या गाडीत तिच्याभोवती मोकळी ठेवायला लागणारी जागाच नसते, आणि रात्री दोनला ती विझते. पुढे.

गॅसचे बंद नळकांड्याचे हीटर युरोपात सर्रास वापरतात, जर्मनीच्या ट्रुमा कंपनीचे सगळ्यांत माहितीचे. आवाज कमी, काजळी जवळजवळ नाही. आपल्याकडे अडचण तीन ठिकाणी येते. एक, ते इथे सहज मिळत नाहीत आणि बिघडले तर बघणारा माणूस नाही. दोन, घरगुती १४.२ किलोचं सिलिंडर स्वयंपाकाशिवाय दुसऱ्या कामाला वापरणं नियमात बसत नाही, पाच किलोचं सुटं विकत मिळणारं घ्यावं लागतं आणि ते वाटेत भरून मिळण्याचा भरवसा नाही. तीन, गॅस स्वतःच. आपल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्युटेन मिसळलेले असतात. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो, ब्युटेन मात्र शून्याच्या आसपासच द्रव होऊन टाकीत बसतो. म्हणजे थंडी वाढेल तसा दाब घटतो, नेमका हवा तेव्हाच. शिवाय गळलेला गॅस हवेपेक्षा जड, तो खाली साचतो, म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाला भोक हवंच. स्वयंपाकासाठी गॅस ठेवा, ऊब त्याच्याकडून मागू नका. उघड्या ज्योतीने किलोभर गॅस जाळला तर दीड लिटरहून जास्त पाणी वाफ होऊन गाडीत येतं, ती ओल वेगळीच.

उरतो डिझेल हीटर. वेबास्टो आणि एबरस्पेशर या जर्मन कंपन्यांनी तो ट्रकवाल्यांसाठी रुळवला, आणि आता त्याच धर्तीचे चिनी हीटर त्यांच्या किमतीच्या लहानशा हिश्शात ऑनलाइन मिळतात. आपल्याकडचे बहुतेक लोक चिनीच घेतात, आणि नीट बसवला तर तो वाईट नाही.

चालू केल्यावर काय होतं ते एकदा बाहेर उभं राहून ऐका. आधी काहीच नाही. आत ग्लो प्लग, म्हणजे ज्योत पेटवणारी विजेची कांडी, लाल होत असतो, तेवढी दोन-चार मिनिटं तो बॅटरीतून आठ-दहा अँपिअर ओढतो. मग गाडीखालून टिक, टिक, टिक असा आवाज सुरू होतो. तो इंधनाचा पंप, प्रत्येक टिकेला डिझेलचा एक थेंब पुढे ढकलतो. धुराच्या नळीतून पांढरा, उग्र वासाचा धूर निघतो, ज्योत धरली की तो नाहीसा होतो आणि पंखा घोंगावायला लागतो. यानंतर वीज फार लागत नाही, पंधरा ते चाळीस वॅट. रात्रभरात दीडशे-दोनशे वॅट-तास, म्हणजे शंभर अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत पाच-सहा रात्री.

आता तो पंप हातात घेऊन बघा. त्यावर बहुतेक वेळा १६ किंवा २२ एमएल असं छापलेलं असतं. अर्थ असा, की हजार टिकांना तो तेवढं डिझेल देतो. जास्तीत जास्त सेकंदाला पाच टिका धरा. तासाला १८ हजार टिका, म्हणजे २२च्या पंपाने सुमारे ४०० मिलिलिटर डिझेल. एका लिटर डिझेलमध्ये साधारण दहा किलोवॅट-तासांची उष्णता असते, त्यातली ऐंशी टक्के गाडीत येते असं समजा. उत्तर : ३.२ किलोवॅट. आणि हाच पंप, हेच नळकांडं ‘पाच किलोवॅट’ म्हणून विकतात, स्टिकर बदलून ‘आठ’ म्हणूनही विकतात. १६चा पंप याच हिशोबाने सव्वादोन किलोवॅट देतो, ‘दोन किलोवॅट’चं लेबल त्या मानाने प्रामाणिक. विकणारा पंपाचा आकडा सांगत नसेल तर पूर्ण वेगात तासाला किती डिझेल जळतं ते विचारा. तेही सांगत नसेल तर दुसरा विक्रेता बघा.

मोठा का घेऊ नये, ते इथे कळतं. हजार वॅटची गरज असलेल्या इकोत तीन किलोवॅटचा हीटर कायम सगळ्यात मंद आचेवर चालतो. मंद आचेवर नळकांडं पुरेसं तापत नाही, डिझेल अर्धवट जळतं, काजळी धरते. काही दिवसांनी ज्योत धरेनाशी होते आणि ते नेमकं रात्री तीनला होतं. लहान हीटर मध्यम आचेवर चालत राहिला तर स्वच्छ राहतो. तरीही रोज बंद करण्याआधी दहा-पंधरा मिनिटं पूर्ण वेगात चालवण्याची सवय ठेवा, काजळी जळून जाते.

उंचीचा प्रश्न याहून नाजूक. पुणे साडेपाचशे मीटरवर, लेह साडेतीन हजारांवर, सरचू ४,२०० मीटरच्या वर. सरचूला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे पंखा तेवढाच फिरला तरी ज्योतीला मिळणारा ऑक्सिजन साठ टक्केच. पंप मात्र पुण्यात ठरवून दिलेलं तेवढंच डिझेल देत राहतो. परिणाम काळा धूर, काजळी, आणि दोन-तीन रात्रींत हीटर बंद. त्यामुळे उंचीप्रमाणे डिझेल कमी करणारा हीटर हवा. काहींमध्ये दाब मोजणारा सेन्सर असतो, काहींमध्ये कंट्रोलरवर हाताने उंचीची सेटिंग करावी लागते, स्वस्तातल्या काहींमध्ये दोन्ही नसतं. लडाखसाठी हीटर घेताना मी ब्रँडच्या आधी हे विचारीन. यात एक किंमत मोजावी लागते : डिझेल कमी केलं की ऊबही त्याच प्रमाणात घटते. दोन किलोवॅटचा हीटर सरचूला सव्वा-दीड किलोवॅटच देईल. इन्सुलेशन केलेल्या इकोला उणे पाचला तेवढं पुरतं, उणे पंधराला कमी पडेल आणि दोन स्वेटर चढवावे लागतील. नेहमी उंचावरच, तेही ट्रॅव्हलर घेऊन जाणाऱ्यांनी २२च्या पंपाचा घेण्यात अर्थ आहे. इकोवाल्यांनी नाही.

इको पेट्रोल किंवा सीएनजीवर चालते हे विसरून चालत नाही. डिझेल हीटरला तिच्यात वेगळी टाकी लागते, पाच लिटरची पुरते, आणि ती झोपायच्या जागेत नको. एकदा चार थेंब सांडले की गादीचा वास महिनाभर जात नाही. डिझेल हीटरमध्ये पेट्रोल कधीही, थोडंसं मिसळूनसुद्धा, घालू नका. इकोच्या रात्रीच्या मुक्कामाला लिटरभर डिझेल पुरतं. पण ते कुठलं डिझेल, हा मुद्दा आहे. आपल्या मानकात साध्या डिझेलची वाहायचं थांबण्याची मर्यादा हिवाळ्यात ३ अंश आणि उन्हाळ्यात १५ अंश एवढी वर आहे. पुण्यात भरलेला डबा स्पितीतल्या काझाच्या रात्री तुपासारखा थिजला तर नवल नाही. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं ते यासाठीच. डबा पुण्यातून रिकामा न्या आणि वर गेल्यावर स्थानिक पंपावर भरा.

बसवताना ज्या चुका होतात त्या बहुतेक नळ्यांच्या. धुराची नळी गाडीच्या बाजूला बाहेर निघाली पाहिजे, दाराखाली किंवा झरोक्याखाली नाही, आणि हवा ओढणाऱ्या नळीपासून लांब, नाहीतर हीटर स्वतःचाच धूर परत ओढतो. ती जाताना उताराला हवी, कारण तिच्यात पाणी जमतं. ती इतकी तापते की डिझेलची नळी किंवा वायर जवळून गेली तर वितळते, म्हणून तिला उष्णता सोसणारी पट्टी गुंडाळा. पत्र्याला पाडलेल्या भोकात हीटरची गॅस्केट नीट बसली पाहिजे, तिथल्या फटीतून धूर आत आला तर बंद नळकांड्याचा सगळा फायदा पाण्यात. पंप तिरका, बाहेर पडायचं तोंड वर, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. त्याला रबरात लटकवा, तरच रात्री ती टिकटिक डोक्यात जाणार नाही. वायर जाड घ्या. तापकीर गल्लीत हवी ती मिळते, पण हीटरसोबत येणारी बारीक वायर लांबवून चालवली की थंडीत पहाटे ग्लो प्लगला पुरेसं व्होल्टेज मिळत नाही आणि पडद्यावर एररचा आकडा झळकतो. आणि बंद करताना कंट्रोलरवरूनच बंद करा. मुख्य स्विच खटकन पाडला तर पंखा थांबतो, आतली तापलेली धातू निवत नाही आणि नळकांडं, गॅस्केट, वायरिंग, काहीतरी जळतं.

कायद्याचं थोडक्यात : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करू देत नाही. कॅरॅव्हॅनसाठी एआयएस-१२४ नावाचं वेगळं मानक आहे, आणि तशी प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांपैकी एआरएआय आपल्याच वेताळ टेकडीवर बसलेली आहे. तळाला भोक पाडण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारून ठेवा. आग लागल्यावर विमावाले पहिला प्रश्न तोच विचारतात.

डिसेंबरमधली एखादी थंड रात्र बघून हीटर इथेच, सोसायटीच्या पार्किंगमध्ये नाही, मोकळ्या जागी, तीन-चार तास सलग चालवा. गजर लावून, दारं बंद करून, आत जागं राहून. पुण्यात जे गळत नाही ते बहुधा वर गळत नाही, उंचीचा त्रास तेवढा वेगळा निघतो. सोबत एक जादा ग्लो प्लग, त्याभोवतीची धातूची जाळी, दोन फ्यूज, इंधनाचा एक फिल्टर आणि हातभर नळी ठेवा. ग्लो प्लग काढायला खोल, बारीक भिंतीचा पाना लागतो, तो हीटरच्या खोक्यात असेलच असं नाही. निघायच्या आधी तो लावून एकदा ग्लो प्लग काढून परत बसवून बघा, कारण मनाली सोडल्यावर लेहपर्यंत तो पाना विकत मिळेल याचा भरवसा नाही.